पांढऱ्या गालाच्या पाहुण्यासाठी थांबलेली बस

"विझव तो दिवा! डोक्यावर सूर्य घेऊन कुठं निघालीस?"

ओइकावा त्सुया, तिकडच्या आदराच्या रीतीनं त्सुया-सान, यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. डिसेंबरची पहाट होती, साडेपाच वाजले होते आणि मी ओगिनुमा तळ्याच्या बांधावर कपाळाला दिवा बांधून, अंगात लालभडक जाकीट घालून, हातात महिन्यापूर्वीच घेतलेला कॅमेरा धरून चालले होते. अंधारातून एक हात आला, त्यानं माझा दिवा विझवला आणि बाही धरून मला खाली बसवलं.

"सत्तर हजार पाहुणे झोपलेत समोर. त्यांना वेळेआधी उठवलंस तर तळ्यात ढकलून देईन."

मला काहीच दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. समोरच्या काळोखात बाजार भरल्यासारखी कुजबुज चालली होती. कुणी कुणाला हाक मारत होतं, कुणी ओ देत होतं, मध्येच कुणाचं तरी भांडण लागत होतं. हळूहळू पूर्वेकडे तांबूस रेघ उमटली आणि मला कळलं, की ज्याला मी तळ्यातले गवताचे गड्डे समजत होते ते सगळे कलहंस होते. पाणी म्हणून दिसतच नव्हतं.

मग एकाएकी ती कुजबुज थांबली. एकदम. शाळेत हेडमास्तर वर्गात शिरावेत तशी.

"आता," त्सुया-सान माझ्या कानाशी म्हणाल्या.

आणि तळं उठलं. मी आजवर कितीतरी वेळा ते पाहिलं आहे, पण दुसरा शब्द मला सापडलेला नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाण्याचा काळा थर सुटून वर आला. दरड कोसळल्यासारखा आवाज झाला, पण दरड खाली येते, हा आवाज वर चालला होता. बांध थरथरला. माझ्या फासळ्या थरथरल्या. डोक्यावरून पंख, पंख आणि पंखच गेले. आभाळ दिसेनासं झालं आणि पंखांनी ढवळलेला गार वारा तोंडावर आला. कॅमेरा माझ्या हातात होता. बोट बटणावर होतं. मी एकही फोटो काढला नाही. पाच-सात मिनिटांनी सगळं शांत झालं तेव्हा माझ्या गालांवर पाणी होतं आणि ते गोठायला लागलं होतं.

त्सुया-साननी माझ्याकडे निरखून पाहिलं. "नाव काय तुझं?"

"वसुधा."

तिकडच्या जिभेला 'व' जमत नाही. "बासुदा? बासु?" म्हणत त्या थांबल्या आणि पोट धरून हसत सुटल्या. त्यांच्या भाषेत 'बासु' म्हणजे आपली प्रवाशांची बस. "तीस वर्षं बस चालवली मी! निवृत्त झाले, वाटलं सुटले. आणि आता ही बस स्वतःच्या पायांनी चालत माझ्या शेजारी येऊन बसली!"

तेव्हापासून मी त्या अख्ख्या गावाची 'बासु' झाले.

मी मूळची मिरजेची. उत्तर जपानातल्या भातशेतीच्या या सपाट मुलखात मी एका कारखान्याच्या नोकरीसाठी आले. काम असं, की मुंगीएवढ्या सुट्या भागांच्या रांगा सूक्ष्मदर्शकाखाली सरकत जातात आणि हजारांत एखादा वाकडा असेल तो हेरायचा. पहिल्या हिवाळ्यात मी इतकी एकटी पडले होते, की फोनवर आईला मी "हो" आणि "जेवले" एवढंच सांगायचे. कॅमेरा घेतला तो केवळ रविवार काढायला. हे सगळं मी त्सुया-सानना त्या पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, त्यांच्या छोट्या व्हॅनमध्ये, भाजलेल्या जवाचा गरम चहा पिता पिता.

बाकी सगळं त्यांनी एका कानानं ऐकलं. कामाचं ऐकून मात्र ताठ बसल्या.

"हजारांत एक वेगळा तुला दिसतो?"

"पगार त्याचाच मिळतो."

"मग चल. तुझी परीक्षा घेते."

त्यांनी व्हॅन एका कापणी झालेल्या शेताच्या कडेला उभी केली. काच चार बोटं खाली करून तिच्यावर दुर्बीण टेकवली. "खाली उतरायचं नाही. गाडीला हे भीत नाहीत, माणसाला भितात. शहाणे आहेत. आता यांच्यात एक पांढऱ्या गालाचा शोध."

शेतात दोन-तीन हजार कलहंस भाताचे सांडलेले दाणे टिपत होते. सगळे तपकिरी, सगळे सारखे. मी एका कडेनं सुरुवात केली, कारखान्यात करते तशी, रांग सोडायची नाही, डोळा उचलायचा नाही. वीसेक मिनिटांनी एक मान वर आली. बाकीच्यांपेक्षा बुटका, मान काळीभोर, आणि गालावर हनुवटीपर्यंत पांढराशुभ्र पट्टा, जणू कुणी मलमपट्टी केली आहे.

"सापडला."

त्सुया-साननी दुर्बिणीला डोळा लावला, खूप वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "दर वेळी वाटतं, हा खराच आहे का. चल घरी. हात्तो करते."

हात्तो म्हणजे भिजवलेल्या कणकेच्या पातळ चकत्या ओढून गरम रश्शात सोडायच्या. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, "अहो, ही तर आमची वरणफळं!" त्यांनी वाडगा परत भरला आणि त्या पांढऱ्या गालाची गोष्ट सांगितली. पुढच्या दहा वर्षांत मी ती त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कितीदा तरी ऐकली. ती अशी.

त्सुया सात वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील किसाबुरो उन्हाळ्यात भात लावायचे आणि हिवाळ्यात बंदूक घेऊन तळ्यावर जायचे. तेव्हा कलहंसांची शिकार सगळेच करत. घरी आणलेल्या पक्ष्याची पिसं काढणं हे आईचं आणि त्सुयाचं काम. एके संध्याकाळी वडिलांनी एक पक्षी आणला, नेहमीपेक्षा लहान, पांढऱ्या गालाचा. त्सुयानं त्याच्या गालावरून बोट फिरवलं. "बाबा, यानं पावडर लावलीय?" एरवी वडील हसले असते. त्या दिवशी ते म्हणाले, "लवकर सोलून टाका," आणि भर थंडीत बाहेर जाऊन उभे राहिले. रात्री जेवणात त्यांनी त्या मांसाला हात लावला नाही.

त्यानंतर पांढऱ्या गालाचा कलहंस तळ्यावर कुणाला दिसला नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. म्हातारी माणसं सांगत, की पूर्वी हे थव्यानं यायचे. त्सुया मोठ्या झाल्या, कलहंसांच्या शिकारीवर बंदी आली, वडिलांची बंदूक गेली. त्सुयांचं लग्न झालं, नवरा कमी वयात आजारानं गेला, मूल नव्हतं. त्या माहेरी परतल्या आणि गावच्या बस डेपोत ड्रायव्हर म्हणून अर्ज केला.

डेपोत बावीस पुरुष आणि ही एकटी बाई. पहिल्याच दिवशी एक आजोबा चढले, स्टिअरिंगवर बाई बघून उतरले, म्हणाले, "मी पुढच्या बसनं येतो." दीड तासानं पुढची बस आली. तीही त्सुयांचीच. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "बसा आजोबा. तिसरी आज नाहीये."

त्यांचा रस्ता गावापासून इस्पितळापर्यंत, तळ्याच्या बांधाला लागून. दिवसातून चार फेऱ्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दोन्ही बाजूंच्या शेतांत कलहंस. प्रत्येक थांब्यावर माणसं चढेपर्यंत त्सुया डावीकडची शेतं नजरेनं चाळायच्या. का, ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. "जीभ जशी पडलेल्या दाताच्या जागी जात राहते ना," त्या म्हणायच्या, "तशी नजर जायची."

चोवीस वर्षं नजर गेली आणि रिकामी परत आली.

मग एका फेब्रुवारीत, सकाळच्या दुसऱ्या फेरीला, बर्फानं भरलेल्या शेतात, रस्त्यापासून वीस पावलांवर, तीनेकशे कलहंसांच्या कडेला एक बुटका पक्षी मान वर करून उभा होता. त्याच्या गालावर पांढरा पट्टा होता.

त्सुया-साननी बस थांबवली. थांबा नसताना, भर रस्त्यात. चौदा प्रवासी होते.

"कुणी उतरू नका," त्या माइकवर म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "काचा उघडू नका. डावीकडे बघा. पांढऱ्या गालाचा बघा. पंचेचाळीस वर्षांनी आलाय."

चौदाही जण डाव्या बाजूला सरकले. मागच्या बाकावरची एक आजी, इस्पितळात जायला निघालेली, काचेला नाक लावून म्हणाली, "मी लहान असताना हे असायचे गं. आमच्या शेतात असायचे." आणि ती तोंडावर रुमाल धरून रडायला लागली. तिच्या शेजारणीनं विचारलं, "तुमची डॉक्टरांची वेळ चुकेल ना?" आजी म्हणाली, "वीस वर्षं आजारी आहे. आठ मिनिटांनी काय मरते!"

शाळेची एक मुलगी होती. तिच्या दप्तरात मैत्रिणींचे फोटो काढायला आणलेला, एकदाच वापरून टाकायचा तो स्वस्तातला कॅमेरा होता. तिनं त्यातला उरलेला एकुलता एक फोटो काढला.

बस आठ मिनिटं उशिरा पोचली. डेपोच्या साहेबांनी लेखी खुलासा मागितला. त्सुया-साननी लिहिलं, 'रस्त्यात पाहुणे भेटले.' साहेब भडकले, पण दुसऱ्या दिवशी ती इस्पितळवाली आजी स्वतः घातलेल्या मुळ्याच्या लोणच्याची बरणी घेऊन डेपोत हजर. साहेबांच्या टेबलावर ती ठेवून म्हणाली, "या बाईला काही बोललात तर उद्यापासून मी रोज येऊन इथं बसेन. मला दुसरा उद्योग नाही." प्रकरण लोणच्यावर मिटलं.

मुलीनं आठवड्यानं फोटो आणून दिला. बर्फाचा पांढरा रंग, त्यावर एक तपकिरी डाग, डागावर एक पांढरा ठिपका. एवढंच. त्सुया-सान तो घेऊन घरी आल्या. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे, रजईनं झाकलेल्या, आत शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाखाली पाय शेकत बसलेले. त्यांनी भिंग मागून घेतलं. फोटो जवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला.

"एकटाच होता?" त्यांनी विचारलं.

"पांढऱ्या गालाचा एकटाच."

किसाबुरोंनी भिंग खाली ठेवलं. मग पंचेचाळीस वर्षांत लेकीला न सांगितलेलं सांगितलं. "मी मारला त्याची जोडी होती. दोघंच उरले होते त्या वर्षी. एक पडला. दुसरा तीन दिवस तळ्यावर फिरत ओरडत होता. चौथ्या दिवशी दिसला नाही. मला वाटत आलं, की शेवटचा मीच मारला."

त्सुयांना तोवर एका पक्षी अभ्यासकाकडून खरी हकीगत कळली होती. हे पक्षी वीण करत ती दूर उत्तरेकडची बेटं. तिथं माणसांनी कातड्याच्या धंद्यासाठी कोल्हे सोडले. जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी, पिल्लं कोल्ह्यांनी फस्त केली. पुढं काही लोकांनी उरलेल्या पक्ष्यांची पिल्लं पिंजऱ्यात वाढवली आणि कोल्हे नसलेल्या बेटावर नेऊन सोडली. तिथूनच हा आला असणार. त्यांनी वडिलांना हे समजावून सांगितलं. "बाबा, तुमच्या बंदुकीनं नाही संपले ते. कोल्ह्यांनी संपवले."

"कोल्हे कुणी सोडले?"

"माणसांनी."

"मग झालं की." त्यांनी भिंग पुन्हा उचललं. "आणि त्यातला एक तरी माझाच."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्सुयांनी त्यांना ब्लँकेटात गुंडाळून तळ्यावर नेलं. दिवसभर दोघं गाडीत बसून होती. पांढऱ्या गालाचा दिसला नाही. परत येताना किसाबुरो म्हणाले, "नाही दिसला ते बरं झालं. कुठल्या तोंडानं बघितलं असतं?" पण गाडीतून उतरताना त्यांनी मान वळवून आभाळाकडे पाहिलंच. एप्रिलमध्ये ते गेले. कलहंस त्याआधीच उत्तरेला निघून गेले होते.

त्या उन्हाळ्यात त्सुया-साननी आयुष्यातला पहिला कॅमेरा घेतला. आणि त्या हिवाळ्यात नऊ आले. नऊ पांढरे गाल, एका ओळीत. फोटो धड आला होता. त्सुया-सान तो घेऊन थेट वडिलांच्या थडग्यावर गेल्या आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "नऊ! त्यात चार जोड्या!" शेजारच्या थडग्यावर तिकडच्या रीतीनं पाणी घालणारी बाई दचकून तांब्या सांडून बसली.

नवांचे चाळीस झाले. चाळिसांचे काही शे. मी आले तेव्हा हजारांवर गेले होते, आणि तरीही त्सुया-सान प्रत्येक थव्यात पहिला दिसला की श्वास रोखायच्या.

पहिले आठ हिवाळे मी त्यांच्या गाडीतून फिरले. गणना करणाऱ्या गटात त्यांनी मला घातलं. गटाचे प्रमुख नुमाकुरा-सान हे जुने सुतार, तोंडानं फटकळ, हातात कायम मोजणीचं यंत्र. पहाटे बांधावर चार दिशांना चार जण उभे राहायचे आणि उडणाऱ्या थव्यांची दहा-दहांनी मोजणी करायची. पहिल्या दिवशी माझा आकडा ऐकून नुमाकुरा-सान म्हणाले, "परदेशी डोळ्याला जास्त दिसतात वाटतं?" त्सुया-सान फाडकन म्हणाल्या, "ती सूक्ष्मदर्शकवाली आहे. तुला तर स्वतःचा चष्मा डोक्यावर असताना सापडत नाही." नुमाकुरा-साननी मुकाट्यानं डोक्यावर हात नेला. चष्मा तिथंच होता.

मग एका मार्चमध्ये आम्ही त्यांच्या घरी हिवाळ्याचे फोटो लावत बसलो होतो. त्यांचे फोटो मी एकामागून एक बघत होते आणि मला काहीतरी खटकत होतं. कारखान्याची सवय. प्रत्येक फोटोत पक्षी अगदी डाव्या कडेला. मध्ये नुसतं आभाळ, नुसतं शेत.

"त्सुया-सान, या वर्षी सगळे पक्षी कडेला का घेतलेत?"

त्या चहा ओतत होत्या. चहा कपाच्या कडेवरून बशीत सांडला. "सापडलंच का तुला," त्या शांतपणे म्हणाल्या. "मध्ये भोक पडलंय बासु. डोळ्यांच्या मध्ये. जिकडे बघते तेच पुसलं जातं. कडेचं दिसतं. म्हणून पक्ष्याला कडेला ठेवते."

"कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यापासून."

"आणि गाडी?"

त्यांनी उठून देवघराच्या खणातून एक कागद आणून माझ्यापुढे ठेवला. आदल्या आठवड्यातच त्यांनी पोलीस चौकीत जाऊन आपला परवाना स्वतःहून परत केला होता. "तीस वर्षं माणसं नेली. एकाला ओरखडा नाही. आता कुणाच्या अंगावर गाडी घालून ते पुसायचं नाही." मग व्हॅनची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू चालव."

"मी? बर्फात? मी मिरजेची आहे हो!"

"मग मिरजेला बर्फ नेऊन ठेवू का?"

पुढच्या नोव्हेंबरपासून मी चालवायला लागले आणि त्या शेजारी बसायला लागल्या. त्यांच्याइतका अवघड प्रवासी मी पाहिलेला नाही. डोळ्यांपुढचं दिसत नसताना त्यांना रस्ता माझ्याहून जास्त दिसायचा. "हे डांबर. आता कुरकुर वाजेल, तो बर्फ ताजा. आता वाजायचं थांबलं ना? तो चकाकणारा पट्टा. ब्रेक नको! ब्रेक नको म्हटलं ना! पाय उचल फक्त." एकदा गाडी घसरून आडवी झाली आणि एका भाताच्या कोठारापाशी हळूच टेकली. त्या म्हणाल्या, "छान लावलीस. उतरताना मागे बघ."

आता मी ज्या सकाळसाठी हे सगळं लिहायला बसले ती सांगते.

जानेवारीतली मोठी गणना होती. उणे बारा. तळं जवळजवळ सगळं गोठलेलं, मध्ये थोडं पाणी मोकळं, आणि त्या मोकळ्या पाण्यातून वाफ उठून धुकं असं दाटलं होतं, की बांधावर उभं राहून मला माझे बूट दिसत नव्हते. नुमाकुरा-सान हात चोळत आले. "आज काही मोजणी नाही. धुकं मोजायचं असेल तर मोजा." बाकीचे गाड्या वळवून गेले. मीही किल्ली फिरवणार तोच त्सुया-सान म्हणाल्या, "थांब. आज आपण दोघी सारख्या आहोत. तुलाही दिसत नाही."

आम्ही बांधावर बसलो. पांढरं, ओलं, आवाज गिळणारं धुकं. समोर तळं आहे हे फक्त कानांना माहीत. खालून ती कुजबुज येत होती, नेहमीपेक्षा जवळून, कारण सगळे त्या एवढ्याशा पाण्यात दाटीवाटीनं बसलेले. मग त्सुया-साननी माझा हात दाबला. त्यांना माझ्याआधी कळलं. कुजबुज थांबली होती.

जे उठलं ते मला दिसलं नाही. आधी बर्फ बोलला. तळ्यावरच्या थरातून एक लांब, खोल कण्हणं आमच्या पायांपर्यंत आलं. मागून तो आवाज. दिसत असतं तेव्हा डोळे त्याचा निम्मा भार उचलतात. त्या दिवशी सगळाच्या सगळा अंगावर आला. धुकं हललं. डोक्यावरून हजारो पंखांची झुळूक, झुळूक कसली, वाराच, वरून खाली लोटला आणि धुक्याचे गोळे आमच्याभोवती भोवऱ्यासारखे फिरले. पिसांवरून उडालेलं पाणी गोठून बारीक कणांनी तोंडावर पडलं. मला माझं वय, नाव, गाव काही उरलं नाही. भीती वाटत होती आणि ती संपू नये असंही वाटत होतं.

त्सुया-सान मान वर करून बसल्या होत्या, तोंड थोडं उघडं. "ते बघ," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "काय?" त्या म्हणाल्या, "बारीक आवाजाचे. वर डावीकडे. तेच."

मीही ऐकलं. मोठ्या कलहंसांच्या खर्जाच्या वर, उंच, चिवट, पिल्लांनी एकमेकांना चिडवावं तसा कलकल आवाज. पांढऱ्या गालाचे. तो आवाज आमच्यावरून गेला आणि जातच राहिला. एक थवा संपतो न संपतो तोच दुसरा. मला वाटलं आता संपेल. संपलं नाही.

"सात वर्षांची होते तेव्हा," त्सुया-सान म्हणाल्या, "मेलेलाच बघितला. आवाज कसा असतो ते मला पंचेचाळीस वर्षं माहीत नव्हतं." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "आता आभाळभर आहेत."

तासाभरानं ऊन धुक्यात शिरलं. लव्हाळ्याचं प्रत्येक पातं बर्फाच्या काट्यांनी फुललेलं होतं. आम्ही व्हॅनमध्ये येऊन बसलो आणि बाजूच्या शेतावरचं धुकं पडदा सरकावा तसं सरकलं. शेत भरलेलं होतं. गाडीच्या चाकांपासून थेट कुरिकोमा डोंगराच्या पायथ्याच्या दिशेनं, नजर जाईल तिथवर, बुटके, काळ्या मानेचे, पांढऱ्या गालाचे कलहंस. ते धुक्यातून आमच्या गाडीभोवतीच उतरले होते. मी काच चार बोटं खाली केली. सगळ्यात जवळचा दहा पावलांवर होता. त्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा दाणे टिपायला लागला.

"किती आहेत?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

मी त्यांची मान हळूच उजवीकडे वळवली, इतकी, की शेत त्यांच्या नजरेच्या डाव्या कडेला यावं. त्या तशाच बसून राहिल्या, समोर बघत नसल्यासारख्या, आणि मग त्यांच्या तोंडून लहान मुलीसारखा "अय्या" असा आवाज निघाला.

कॅमेरा मांडीवर होता. त्या दिवशीही मी फोटो काढला नाही. त्याची मला नंतर कधी हळहळ वाटली नाही.

नऊच्या सुमाराला नुमाकुरा-सान डबा घेऊन परत आले. राहवलं नसणार. त्यांच्या गाडीची चाहूल लागून थवा थोडा पुढे सरकला, इतकंच. ते आमच्या खिडकीशी आले, शेताकडे बघितलं आणि वही काढून म्हणाले, "आकडा? वर पाठवायचाय मला. आकडा किती लिहू?"

"पुष्कळ," त्सुया-सान म्हणाल्या.

"असं नाही लिहिता येत."

"मग खूप लिही."

नुमाकुरा-सान आमच्या खिडकीला टेकून उभ्या उभ्या दहा-दहांनी मोजायला लागले. तीनदा चुकले, तीनदा पहिल्यापासून सुरू केलं. चौथ्यांदा त्यांनी मोजणीचं यंत्र खिशात टाकलं आणि नुसतेच बघत राहिले. त्या तारखेपुढे त्यांच्या वहीत आजही फक्त 'धुके' एवढंच लिहिलेलं आहे.

त्सुया-सान आता एकोणऐंशीच्या आहेत. कडेचंही थोडं अंधुक झालंय. थवा वरून गेला की त्या आवाजावरून सांगतात, यात पांढऱ्या गालाचे आहेत की नाहीत, आणि चुकत नाहीत. कॅमेरा त्यांनी मला देऊन टाकला. हिवाळ्यात शनिवारी पहाटे मी त्यांच्या दारात व्हॅन लावते. त्या आधीच तयार होऊन पायरीवर बसलेल्या असतात, मांडीवर चहाचा थर्मास घेऊन, आणि गाडी थांबायच्या आत ओरडतात, "चार मिनिटं उशीर!"